एकच बौद्ध परंपरा धरावी, की अनेकांकडून घ्यावे?

सांजविहार (धागाकर्ती)

सर्वांना सविनय जय भीम, नमो बुद्धाय.

एक निर्णय घेण्यापूर्वी येथील जाणत्या मंडळींचे मत हवे आहे, म्हणून हा धागा काढत आहे. आमच्या घरचे बौद्ध असणे म्हणजे वस्तीतल्या विहारातील रविवारची वंदना, वर्षावासाच्या तीन महिन्यांत होणारे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आणि नामकरणापासून पुण्यानुमोदनापर्यंतचे सर्व संस्कार बौद्धाचार्यांच्या हस्ते. नोकरी लागल्यावर मी इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले आणि घरी रोज बसू लागले. पुढे पुण्यात त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या साप्ताहिक वर्गाला जाऊ लागले. तेथे मैत्री भावना, म्हणजे सर्वांविषयी मैत्रीभाव वाढवण्याची साधना, शिकले, आणि एकटीने वाचलेले सुत्त (बुद्धांचे प्रवचन) चारचौघांत वाचले की किती वेगळे उलगडते, हेही तेथेच कळले. आता तेथील धम्मचारिणींनी (संघाच्या दीक्षित सदस्यांनी) मला धम्ममित्र, म्हणजे संघाशी विधिपूर्वक जोडलेली साधिका, होण्याविषयी विचारले आहे. कोणाचाही आग्रह नाही. परंतु तो विधी करताना हाच संघ आपल्या आचरणाचे मुख्य स्थान आहे असे मानावे लागते, आणि तसे मला प्रामाणिकपणे म्हणता येईल का, हे ठरत नाही.

अडचण केवळ तात्त्विक नाही. शिबिरात शिकवलेल्या आनापानात, म्हणजे श्वासावरील ध्यानात, नैसर्गिक श्वास नाकपुड्यांच्या द्वाराशी नुसता जाणायचा असतो. त्याला मोजणी, शब्द किंवा प्रतिमा जोडायची नसते. वर्गात शिकवलेल्या पद्धतीत पहिल्या टप्प्यात श्वास सोडल्यानंतर एक ते दहा आकडे मोजायचे, दुसऱ्यात श्वास घेण्याआधी मोजायचे, तिसऱ्यात मोजणी सोडायची आणि चौथ्यात स्पर्शाच्या सूक्ष्म जागेवर स्थिर व्हायचे. त्यामुळे आता मी विपश्यनेला बसले तरी आकडे आपोआप सुरू होतात. विहारातील ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे आणखी वेगळे आहे. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांमध्ये प्रज्ञा, शील आणि करुणा यांची सांगड घालण्यास सांगितले आहे, तेथे समाधीचा उल्लेख नाही, तेव्हा या डोळे मिटण्याला इतके महत्त्व कशासाठी, असे ते विचारतात.

माझा कल असा आहे की कालाम लोकांना भगवंतांनी ऐकीव गोष्टी स्वतः पारखून घेण्याची जी मुभा दिली ती लक्षात घेऊन, जे कुशल आहे ते कोठूनही घ्यावे. मात्र हे 'घेणे' म्हणजे कोठेही न थांबण्याची एक सोय तर नव्हे, अशी शंकाही अधूनमधून येते.

उपोसथ

जय भीम ताई. मी बऱ्याच वर्षांपासून जुना साधक आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूचे वाटेल, हे आधीच सांगतो.

तुम्ही केलेल्या शिबिरांची परंपरा येथे सुरू करणारे गोएंका गुरुजी १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले ते त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांनी दिलेली पद्धत घेऊन, आणि ती पद्धत त्यांनी कोणत्याही भेसळीशिवाय ठेवण्याचा कटाक्ष पाळला. शिबिराच्या काळात इतर साधना, जप, पूजापाठ बाजूला ठेवण्यास सांगतात आणि पुढील दीर्घ शिबिरांसाठी हीच एक साधना नियमित चालू असण्याची अट असते. यात इतर मार्गांविषयी तुच्छता नाही. तुम्ही दोन पद्धती एकत्र केल्या आणि मन शांत झाले, तर कशामुळे झाले हे कळणार नाही; मन बिघडले, तरीही कशामुळे ते कळणार नाही. संवेदनांकडे समतेने पाहण्याचे काम मुळातच सूक्ष्म आहे. त्यात एक दिवस मोजणी, एक दिवस मैत्रीचे पाच टप्पे आणि एक दिवस आणखी काही असे केले, की जेथे कंटाळा किंवा वेदना सुरू होते नेमके तेथेच साधक पद्धत बदलतो. मी असे साधक पाहिले आहेत, आणि त्यांची पळवाट त्यांच्या स्वतःच्या लक्षात येत नाही.

विहारातील वंदनेला, ग्रंथवाचनाला किंवा सामाजिक कामाला यातून कोणतीच बाधा येत नाही. मी स्वतः दर पौर्णिमेला विहारात असतो. माझे म्हणणे आसनावर बसल्यानंतरच्या वेळेपुरतेच आहे.

कोयनाकाठ

उपोसथ यांचा व्यवहारी मुद्दा मान्य आहे, पण 'भेसळ' या शब्दाला माझा आक्षेप आहे. श्वास मोजण्याची पद्धत कोणी आधुनिक मंडळींनी बाहेरून आणलेली नाही. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या साधनाग्रंथात आनापानसतीचा पहिला टप्पा म्हणून मोजणीच सांगितली आहे, म्हणजे ती स्थविरवादाच्या (पाली ग्रंथ मानणाऱ्या परंपरेच्या) अगदी मध्यवर्ती ग्रंथात आहे. उलट विसाव्या शतकातील ब्रह्मदेशातच महासी सयाडो पोटाच्या वर-खाली होण्यावर लक्ष ठेवून प्रत्येक अनुभवाची मनात शब्दाने नोंद करायला शिकवत होते आणि ऊ बा खिन यांच्या परंपरेत शब्द वर्ज्य होता. दोन्ही स्थविरवादी, दोन्ही ब्रह्मदेशी, दोन्ही सतिपट्ठान सुत्ताचा आधार देणारे. तेव्हा 'एकच परंपरा धरा' असे म्हणताना स्थविरवाद धरायचा, की त्यातील एका आचार्याची पद्धत धरायची, हे आधी स्पष्ट व्हावे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ताईंची अडचण मला तरी दुसऱ्या प्रकारची दिसते.

लेणीवेडा

या धाग्यावर लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण हा प्रश्न आपल्या सह्याद्रीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला आहे.

कार्ल्याच्या लेण्यांत, ज्यांना तेव्हा वलूरक म्हणत, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. चारी दिशांकडून येऊन तेथे वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी त्याने एक गाव दिले. कोणत्या निकायाचे, म्हणजे कोणत्या पंथाचे, भिक्खू, याचा उल्लेख नाही. त्याच कार्ल्यात पुढे सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४व्या राज्यवर्षी अबुलामा येथील हरफरण नावाचा उपासक नऊ खोल्यांचा मंडप देतो आणि तो महासांघिक निकायाच्या स्वाधीन करतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतही हेच दिसते. दहाव्या क्रमांकाचे लेणे उषवदाताने चातुर्दिश संघाला दिले, तर तिसऱ्या क्रमांकाचे लेणे गौतमी बलश्रीने पुळुमावीच्या १९व्या वर्षी भद्रायणीय भिक्खूंना दिले. कान्हेरीला भद्रायणीयांचे नाव पुन्हा येते, जुन्नरला धर्मोत्तरीयांचे. म्हणजे घाट उतरून दोन-चार दिवस चालले की निकाय बदलत होता, तरीही दान 'चारी दिशांच्या संघाला' देण्याची कल्पना त्याच डोंगरात जिवंत होती.

आता हे निकाय वेगळे कशाने होत, हे पाहावे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात राहिलेला चिनी भिक्खू इत्सिंग याविषयी फार नेमके लिहितो. त्याच्या नोंदीप्रमाणे निकायांमधील भेद बव्हंशी विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांचे, होते, अगदी अंतर्वस्त्र कसे नेसावे येथपर्यंतचे. महायान आणि हीनयान यांच्यातील फरक तो असा सांगतो की दोघेही एकच विनय पाळतात, दोघेही चार आर्यसत्यांचे आचरण करतात. जे बोधिसत्त्वांना वंदन करतात आणि महायान सूत्रे वाचतात त्यांना महायानी म्हणतात, इतकेच. त्याच्या आधी येऊन गेलेल्या ह्युएन त्संगाने महाराष्ट्राविषयी लिहिताना सुमारे १०० संघाराम आणि ५,००० भिक्खू असल्याचे आणि तेथे दोन्ही यानांचे अध्ययन चालत असल्याचे नमूद केले आहे. तो स्वतः योगाचार या महायानी दर्शनाचा अभ्यासक होता, पण इ. स. ६४५ मध्ये चीनला परतताना त्याने जे ६५७ ग्रंथ नेले, त्यांत महायान सूत्रांबरोबर स्थविर, महासांघिक, सम्मितीय, सर्वास्तिवादी, धर्मगुप्तक अशा अनेक निकायांचे ग्रंथ होते. ज्यांच्याशी त्याचे मतभेद होते, त्यांचेही ग्रंथ पाठीवर लादून त्याने पामीर ओलांडले.

यावरून मला असे दिसते की त्या काळच्या भिक्खूची उपसंपदा (पूर्ण दीक्षा) एकाच निकायात होत असे आणि तेथे निवडीचा प्रश्न नसे. अभ्यास मात्र तो अनेकांचा करी. आपण आज 'परंपरा' या एका शब्दात दोन्ही कोंबतो आणि मग गोंधळतो.

निळी_पहाट

लेणीवेडा यांची माहिती वाचनीय आहे, परंतु एक गोष्ट त्यांच्या हातून निसटली असे वाटते. भद्रायणीय आणि महासांघिक ही भिक्खूंची नावे आहेत. हरफरण महासांघिक होता असे त्या लेखात म्हटलेले नाही. त्याने महासांघिकांना दान दिले. उपासकाला निकाय नव्हता. अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहात (येथे निकाय म्हणजे संग्रह) महानाम शाक्य भगवंतांना विचारतो की मनुष्य उपासक कशाने होतो, तेव्हा बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याने, एवढेच उत्तर मिळते. ताई उपासिका आहेत, भिक्खुणी नाहीत. मग ह्युएन त्संगाचा दाखला त्यांना कितपत लागू पडतो?

माझे मत स्पष्टपणे मांडते. आपली परंपरा १४ ऑक्टोबर १९५६ या दिवशी ठरली. त्या दिवशी बाबासाहेबांनी कुशीनाराचे ब्रह्मदेशी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिसरण आणि पंचशील घेतले, म्हणजे जुन्या संघाशी नाते तोडले नाही. आणि नंतर बावीस प्रतिज्ञा स्वतः दिल्या, म्हणजे त्या संघाच्या चौकटीत स्वतःला बांधूनही घेतले नाही. आदल्या दिवशी पत्रकारांशी बोलताना त्यांनी हीनयान आणि महायान या जुन्या भेदांत आपल्या लोकांना गुंतवणार नसल्याचे सांगितले होते आणि नवयान हा शब्द वापरला होता. ज्यांनी हा पेच आपल्यासाठी सोडवून ठेवला, त्यांच्याच लेकरांनी तो पुन्हा बांधावा याचे मला आश्चर्य वाटते.

आणखी एक कटू गोष्ट. आमच्या भागात शिकलेली, नोकरदार मंडळी शिबिरांना आणि वर्गांना जातात आणि वस्तीतल्या विहाराचे दार रविवारी दोन म्हाताऱ्या आजी उघडतात. मुलांना वंदना शिकवायला माणूस मिळत नाही. परंपरा निवडण्याची चर्चा करताना आपण कोणाला मागे ठेवून निवडत आहोत, हेही पाहिले पाहिजे.

डोंगराळ

मी नोकरीनिमित्त डेहराडूनला असतो आणि येथील तिबेटी गुरूंकडे काही काळ शिकत आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो.

तिबेटात हा प्रश्न फार तीव्र झाला होता, कारण तेथे संप्रदायांच्या भांडणांत मठ आणि सत्ताही गुंतलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात पूर्व तिबेटातील खाम प्रांतात जामयांग ख्येन्त्से वांगपो आणि जामगोन कोंगत्रुल यांनी जी रिमे, म्हणजे पक्षपातरहित, चळवळ उभी केली, तिच्याविषयी आपल्याकडे एक गैरसमज आढळतो. त्यांनी सर्व संप्रदाय एकत्र करून नवा संप्रदाय काढला नाही. लोप पावत चाललेल्या निरनिराळ्या परंपरांचे उपदेश त्यांनी रीतसर घेतले, संग्रहित केले आणि प्रत्येक उपदेश त्याच्या त्याच्या परंपरेच्या पद्धतीनेच पुढे दिला. ज्याला एकाच साधनेत राहायचे आहे त्याने राहावे, परंतु दुसऱ्याच्या साधनेची निंदा करू नये, असा तो विचार होता. शिवाय वज्रयानात (तिबेटी तांत्रिक परंपरेत) अभिषेक, म्हणजे साधनेची दीक्षा, घेतला की त्या गुरूशी आणि त्या साधनेशी समयाचे, म्हणजे प्रतिज्ञेचे, बंधन येते. तेथे 'सध्या घेऊन पाहू, नंतर सोडू' हे चालत नाही, म्हणून अभिषेक घेण्याआधी गुरूला दीर्घकाळ पारखावे असे परंपराच सांगते. पाली वाङ्मयातही मज्झिम निकायातील वीमंसक सुत्तात खुद्द तथागतांना पारखण्याची रीत तथागतांनीच सांगितली आहे.

निळी_पहाट, तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतो आहे, तेव्हा तोही घेतो. तारा किंवा अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वांची साधना बावीस प्रतिज्ञांच्या विरुद्ध जाते का? मला तसे वाटत नाही. ते जगाचे निर्माते नाहीत, कोणाचे अवतार नाहीत. करुणेची मूर्त रूपे आहेत. औरंगाबाद लेण्यांतील सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आठ महाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर दारातच उभा आहे, आणि तो काही तिबेटाहून आलेला नाही.

निळी_पहाट

लेण्यात आहे म्हणून मान्य, हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. संकटातून तारणाऱ्या मूर्तीसमोर हात जोडून उभा राहणारा सामान्य माणूस 'हे करुणेचे रूपक आहे' असे मनात म्हणत नसतो, तो नवस करतो. ज्या समाजाने १९५६ साली देव्हारे रिकामे केले, त्याच्या घरात दुसऱ्या पिढीनंतर पुन्हा मूर्ती आणि मंत्र आले तर नावे बदलली म्हणून फार काही बदलत नाही. तुमची स्वतःची साधना तुम्ही समजून करत असाल, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण आम्ही ज्यांच्यात काम करतो तेथे हा धोका खरा आहे.

सांजविहार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोयनाकाठ यांनी केलेला भेद मला पटला. लेणीवेडा आणि निळी_पहाट यांच्यातील वाद वाचताना लक्षात आले की मला तीन ठिकाणांहून तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळत आहेत. विहारातून समाज आणि संस्कार, शिबिरातून साधना, वर्गातून अभ्यास आणि कल्याणमित्र. त्या तिन्हींना एकाच मापाने मोजण्याची गरज नसावी.

तरी एक जागा अशी आहे जेथे हे वाटप चालत नाही, आणि ती म्हणजे पुनर्जन्म. शिबिरातील प्रवचनांत पूर्वसंचित संस्कार आणि मृत्यूनंतरचा प्रवाह हे गृहीत धरलेले असते. बाबासाहेबांच्या ग्रंथात आत्म्याचे संक्रमण साफ नाकारले आहे आणि पुनर्जन्माचा अर्थ भौतिक घटकांच्या पुनर्निर्मितीच्या दिशेने लावला आहे. मागील जन्मीच्या कर्माने या जन्मीची गरिबी किंवा नीच कूळ मिळते ही कल्पना तर त्यांनी अन्यायाचे समर्थन म्हणून फेटाळली आहे. तिबेटी परंपरेत लामांच्या पुनरवतारांवर अख्खी व्यवस्था उभी आहे. येथे 'सर्वांचे सार एकच' असे म्हणणे मला अप्रामाणिक वाटते. या मुद्द्यावर आपण काय करता?

लेणीवेडा

हा प्रश्न विचारलात हे उत्तम झाले, कारण अनेक परंपरांची आवड असणारे आमच्यासारखे लोक येथेच हात झटकतात.

महापरिनिब्बान सुत्तात चार महापदेस सांगितले आहेत. कोणी म्हणाले की हे मी खुद्द भगवंतांच्या मुखातून ऐकले, अमुक संघाकडून ऐकले, बहुश्रुत थेरांकडून ऐकले किंवा एका थेराकडून ऐकले, तरी ते लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावे. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे प्रश्न उपस्थित केले, त्यांत अनात्म आणि पुनर्जन्म एकत्र कसे नांदतात हा प्रश्न आहेच. तो प्रश्न नवा नाही. कोण जन्म घेतो, तोच की दुसरा, हे ग्रीक मिलिंद राजानेही भिक्खू नागसेनांना विचारले होते आणि 'तोही नाही, दुसराही नाही' हे उत्तर मिळाले होते. बाबासाहेबांचे उत्तर पारंपरिक भिक्खूंना मान्य झाले नाही, हे उघड आहे. पण त्यांनी प्रश्न त्याच परंपरेतून उचलला, आणि ताडून पाहण्याचा अधिकारही त्याच परंपरेने दिलेला आहे.

मी स्वतः बाबासाहेबांच्या बाजूचा आहे. स्थविरवादी भिक्खूंची देसना ऐकताना पूर्वजन्माच्या कथा आल्या की मी त्या कथा म्हणून ऐकतो. जन्मजात विषमतेचे समर्थन जेथे येईल, तेथे मात्र गप्प बसत नाही. तेवढी सीमारेषा मला पुरते.

उपोसथ

मी त्याबाबतीत आग्रही नाही. संवेदना आत्ता उमटते आहे आणि आत्ताच नष्ट होते आहे, हे पाहण्यासाठी मागचा जन्म मानावा लागत नाही. पुनर्जन्म न मानणारी माणसेही शिबिरांत बसतात आणि त्यांना कोणी बाहेर काढत नाही. मात्र ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर अजून राहिले आहे. आसनावर काय करणार?

डोंगराळ

धम्ममित्र होण्याविषयी एक माहिती देतो. त्या संघाचे संस्थापक संघरक्षित यांना १९४९ साली श्रामणेर (भिक्खुजीवनाची प्राथमिक) दीक्षा दिली ती कुशीनाराच्या ऊ चंद्रमणींनीच, म्हणजे ज्यांनी सात वर्षांनंतर नागपूरला बाबासाहेबांना त्रिसरण दिले त्यांनीच. पुढे कलिम्पाँगला संघरक्षितांनी तिबेटी गुरूंकडून अभिषेकही घेतले, आणि शरणगमन हेच सर्व परंपरांचे केंद्र मानून १९६७ साली स्वतःचा संघ काढला. त्यामुळे तेथे गेल्याने तुम्ही दीक्षाभूमीपासून दूर जाल असे मला वाटत नाही. 'मुख्य स्थान' याचा अर्थ तेथील मंडळी नेमका काय करतात, विहार सोडावा लागतो का, साधनेची पद्धत बदलावी लागते का, हे त्यांनाच मोकळेपणाने विचारावे. येथे आम्ही तर्क करण्यापेक्षा ते बरे.

सांजविहार

विचारले. विहार सोडण्याचा प्रश्नच येत नाही, असे त्यांनी सांगितले. साधनेबाबत मात्र त्यांची अपेक्षा आहे की मैत्री भावना आणि त्यांची आनापानसती नियमित करावी, आणि ती अपेक्षा मला रास्त वाटते. जो संघ मला धम्ममित्र म्हणणार, त्याला माझ्या साधनेविषयी विचारण्याचा अधिकार असलाच पाहिजे.

उपोसथ यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे थोडे अवघड आहे. येत्या वर्षावासात मी फक्त विपश्यनाच करणार आहे, मोजणी पूर्ण बंद. अभ्यासवर्ग चालू ठेवीन, पण धम्ममित्र होण्याचा निर्णय वर्षावास संपेपर्यंत पुढे ढकलत आहे, आणि तसे त्यांना कळवले आहे. वर्षावासानंतर कदाचित उलटेही ठरेल. निळी_पहाट यांचे विहाराविषयीचे बोलणे लागले, आणि ते लागायलाच हवे होते. या वर्षी ग्रंथवाचनाची जबाबदारी मी मागून घेतली आहे.

निळी_पहाट

घेतलीत हे फार चांगले केले. मग एक सुचवते. चौथ्या खंडातील पुनर्जन्मावरचा भाग ज्या रविवारी येईल, त्या रविवारी तुमच्या भागातील भन्तेंना मुद्दाम निमंत्रण द्या आणि वाचन झाल्यावर त्यांना त्यांची बाजू मांडू द्या. आम्ही हे केले होते. भन्ते नाराज झाले नाहीत. उपासकांमधील दोघे मात्र झाले. त्या भागाचे वाचन एका बैठकीत उरकू नका, किमान दोन रविवार ठेवा, आणि आजींना पुढच्या रांगेत बसवा, कारण त्या दिवशी आमच्याकडे सर्वांत अडचणीचे प्रश्न त्यांनीच विचारले होते.